आबांची फुंक आणि कोकमाच्या पाण्याची पाणसळ : एका प्रकरणाचा अभ्यास

कुडाळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अँप्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड, भजनी मंडळांचे माइक, असलं सगळं येतं. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर एक वेगळंच गिऱ्हाईक आलं. वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात देवळात सनई वाजवणारे आबा. वय सत्तरीपुढचं, वरच्या दातांची कवळी. सनई ओठांत धरून पाच मिनिटं वाजवली की कवळी हलते आणि पत्तीवरची, म्हणजे सनईच्या तोंडाशी कंप पावून आवाज काढणाऱ्या पातीवरची, पकड सुटते. म्हणून मुंबईतल्या भाच्याने त्यांना एक जुनं इलेक्ट्रॉनिक फुंकवाद्य आणून दिलं होतं. दिसायला काळ्या बासरीसारखं, तोंडाला रबरी मुखनळी, आत श्वासाचा दाब मोजणारा सेन्सर. वायरने जुन्या लॅपटॉपला जोडायचं आणि लॅपटॉपमधला सनईचा आवाज स्पीकरवर काढायचा.

आबांनी ते टेबलावर आपटलंच जवळजवळ. "ह्या वाद्य न्हय रे बाबू, लायटीचा बटण असा. फुकलंय तर बोंबालता, नाय फुकलंय तर गप."

मी ते एक वाक्य कागदावर लिहून घेतलं. तक्रार इतकी नेमकी फार क्वचित मिळते. वाद्याच्या माहितीपत्रकात तीन पानं घालवूनही हे सांगता आलं नसतं.

थोडं वाद्यांच्या या जातीविषयी सांगतो. लिरिकॉन नावाचं असं वाद्य 1970 च्या दशकात आलं. नाइल स्टायनर यांच्या कल्पनेवर अकाईने 1987 मध्ये ईडब्ल्यूआय काढलं, त्याच वर्षी यामाहाचं डब्ल्यूएक्स7 आलं, आणि रोलँडचा एरोफोन 2016 चा. बाहेरून वेगळी दिसली तरी आतलं काम एकच: तोंडातला दाब सेन्सरवर पडतो, सेन्सर त्याचं व्होल्टेज करतो आणि वाद्य त्याचा 0 ते 127 मधला आकडा करून मिडीवरून, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या आकड्यांच्या भाषेतून, पाठवतं. हा आकडा जातो त्या रस्त्यांना क्रमांक आहेत. 2 क्रमांकाचा रस्ता खास फुंकीसाठी, 7 चा एकूण आवाजासाठी, 11 चा वाजवताना होणाऱ्या चढउतारासाठी. पुढे या क्रमांकांनीच मला गोत्यात आणलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझी पहिली चूक

बटणासारखं वागतंय म्हणजे फुंक लगेच कमाल आकड्याला भिडतेय, हे ओळखायला वेळ लागला नाही. लॅपटॉपवर मिडीचे आकडे दाखवणारा प्रोग्राम लावला. आबांनी फुंकलं की 0, 41, 127, 127, 127. मधले आकडे डोळ्यांना दिसतही नव्हते. फुंकीची संवेदनशीलता कमी केली की झालं, असं मला वाटलं. कमी केली. वर, दाबाप्रमाणे आकडा कसा चढायचा ते ठरवणारी रेघ, म्हणजे वक्र, तोही हळू सुरू होऊन शेवटी चढणारा निवडला. स्वतः दोनतीन सूर काढले. छान वाटले. चहा मागवला.

आबांनी वाजवलं आणि दुसरी तक्रार आली. जोरातले सूर ठीक, पण हळू वाजवायला गेलं की आवाज गायब, आणि जरा दाब वाढवला की एकदम अंगावर. "दम तोच असा, मगे आवाज खंय जाता?"

आकडे बघितले तर आता मधले आकडे नीट येत होते. 50, 58, 64, 70. म्हणजे वाद्य बरोबर बोलत होतं, ऐकणाराच चुकत होता. लॅपटॉपमधला सनईचा आवाज उघडला. त्याला फुंक 2 क्रमांकावरून मिळत होती आणि 11 वरूनही. भाच्याने कुठल्या तरी व्हिडिओत बघून दोन्ही चालू केले असावेत. दोन्ही रस्ते शेवटी आवाजाचा जोरच कमीजास्त करत होते. जनरल मिडी या ठरलेल्या मानकाच्या शिफारशीप्रमाणे असा आकडा निम्म्यावर आला की आवाज सुमारे 12 डेसिबल उतरतो. एकाच फुंकीने दोनदा उतरवला की 24. मधल्या फुंकीवर वाजणारी सनई बाजारात हरवल्यासारखी झाली होती, त्याचं कारण हे. वर माझा तो हळू चढणारा वक्र, म्हणजे दुष्काळात तेरावा.

गंमत अशी की हा दोष पहिल्या दिवसापासून होता. सगळेच आकडे 127 येत होते तोवर तो झाकलेला राहिला. कमाल आकड्याला दोनदा लावलं काय आणि तीनदा लावलं काय, उतरायला जागाच नाही. मी पहिला दोष काढल्यावर दुसरा उघडा पडला.

2 क्रमांकाची फुंक आवाजाच्या धारेवर, म्हणजे सूर किती उजळ वाजतो यावर ठेवली. जोर फक्त 11 कडे दिला. सुराच्या सुरुवातीची ठोक, जिला व्हेलॉसिटी म्हणतात, ती फुंकीवरून घेणं बंद करून एका आकड्यावर बांधून टाकली. फुंक नुकती सुरू होते त्या क्षणी दाब जेमतेम असतो, त्यामुळे जिभेने कितीही कडक ठोका दिला तरी ठोक लुळी नोंदली जात होती. दातांनी मुखनळी दाबून कंप देण्याची सोयही बंद केली. कवळीने कोण चावणार?

पाणसळ

चार दिवसांनी आबा पुन्हा हजर. आता हळू आणि जोरात दोन्ही होतं, पण लांब धरलेला हळू सूर मधेच तुटतो. जोरात वाजवला तर तुटत नाही. रोज नाही, नेमका कधी तेही सांगता येत नाही.

सनईवाला सूर अखंड ठेवतो तो गालांच्या जोरावर. गालात हवा साठवून ती पत्तीत ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकाने श्वास आत घ्यायचा. आबा हे पन्नासएक वर्षं करत आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि लक्षात आलं की तुटतो तो सूर नेमका गाल बसतात त्या वेळी. त्या अर्ध्या क्षणात दाब उतरतो. किती उतरतो हे मात्र मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आबांच्या तोंडात दाब किती असतो याचीच मला कल्पना नव्हती. मी दोन आठवडे यंत्राचे आकडे फिरवत होतो. माणसाचा आकडा घेतलाच नव्हता.

समोरच्या बांधकामावरून गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली. ती इंग्रजी यू सारखी फळीवर तारेने बांधली, शेजारी शिंप्याचा टेप चिकटवला. साधं पाणी नळीत दिसेना, म्हणून घरून कोकमाचं आगळ आणून दोन थेंब टाकलं. लालभडक पातळी अगदी लांबूनही वाचता येऊ लागली. एका टोकाला फिश टँकची बारीक नळी जोडली. ती ओठाच्या कोपऱ्यात धरायची आणि वाजवायचं. तोंडात जितका दाब, तितका दोन बाजूंच्या पाण्यात फरक. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल. इतकं पुरे.

आधी मी स्वतः त्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात फुंकलं. मला आरामात वाटणारी फुंक पंधरा सेंटिमीटरची निघाली. मग आबांना म्हटलं, "आबानू, दोन मिनटा तुमची खरी सनई वाजवा." त्यांनी कवळी सावरली, पत्ती थुंकीने भिजवली, नळी कोपऱ्यात धरली.

पाणी जे वर चढलं ते बघून गवंडीसुद्धा काम सोडून आला. बत्तीस सेंटिमीटर होईपर्यंत पत्ती बोलतच नव्हती. नेहमीचा सूर पंचेचाळीसच्या आसपास. आणि जोरात, पालखी देवळाबाहेर निघताना वाजवतात तसा, अडुसष्टला गेला. त्यांचा सगळ्यात हळू सूर माझ्या नेहमीच्या फुंकीच्या दुपटीहून वर होता.

मग तीच नळी लावून इलेक्ट्रॉनिक वाद्य त्याच्या कारखान्यातल्या सेटिंगवर तपासलं. तिथे 127 हा आकडा बावीस सेंटिमीटरवरच येत होता. म्हणजे ज्या दाबाखाली आबांच्या पत्तीतून आवाजही निघत नाही, त्याच्या आतच या वाद्याची सगळी पट्टी संपत होती. आबांची अख्खी कला त्या पट्टीच्या डोक्यावरून जात होती. लायटीचा बटण नाही तर काय?

बहुतेक वाद्यं नवशिक्याला सोपी जावीत म्हणून हलक्या फुंकीवर बेतलेली येतात, आणि शिकवणारेही "हलकं ठेवा, दमणार नाही" असंच सांगतात. सॅक्सोफोनवरून किंवा बासरीवरून येणाऱ्याला ते चालत असेल. सनईवाल्याचं शरीर मात्र उलट सवयीचं असतं. खालचे तीस सेंटिमीटर त्याच्यासाठी मोकळी जमीन आहे, तिथे काही वाजत नाही आणि वाजू नये. त्याचा खेळ सुरू होतो तिथे आपला संपतो.

तुटणाऱ्या सुराचंही उत्तर मिळालं. इलेक्ट्रॉनिक वाद्यात पत्तीचा अडथळा नसल्याने आबा हळू सूर अडतीसवर वाजवत होते आणि गाल बसले की दाब एकोणतीसवर येत होता. मी वाद्याचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या खालची फुंक मोजायचीच नाही ती पातळी, एकतीसला ठेवून बसलो होतो. पंचेचाळीसवरून घसरला तर सूर उंबरठ्याच्या वर राहायचा, अडतीसवरून घसरला की खाली. म्हणून कधी तुटे, कधी नाही.

उंबरठा चोवीसला आणला. ओठ नुसते टेकवून ठेवल्यावर येणारा दाब दहाच्या आत होता, त्यामुळे वाद्य उगीच कुरकुरणार नव्हतं. 127 सत्तर सेंटिमीटरवर नेला. उरला वक्र. माझा आधीचा हळू चढणारा वक्र काढला आणि सरळ रेष लावून बघितली. सूर आता तुटेना, पण गाल बसताना आवाजाला खड्डा पडे. सरळ रेषेत अडतीस सेंटिमीटरला 39 आकडा येतो आणि एकोणतीसला 14. कानाला हा फरक फार मोठा. खऱ्या सनईत एवढा खड्डा ऐकू येत नाही, कारण पत्ती एकदा बोलू लागली की दाबातल्या लहानसहान चढउताराने तिच्या आवाजाच्या जोरात फारसा फरक पडत नाही. मग सुरुवातीला झटकन चढून पुढे सपाट होणारा वक्र घेतला, आणि लॅपटॉपमधल्या आवाजावर 11 क्रमांकाचा परिणाम निम्म्यावर आणला, म्हणजे फुंक कमीत कमी असतानाही आवाज अगदी शून्याकडे जाणार नाही. खड्डा पूर्ण बुजला नाही. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, एवढा चालता.

सगळी मापं दुकानाच्या भिंतीवर कोळशाने लिहिली. 24, 29, 38, 45, 68. हे पुढे फार कामाला आलं.

जत्रेची रात्र

देवळाची जत्रा पौषात होती. रात्री पालखी फिरून झाली की दशावतार उभा राहतो, त्याआधी अर्धा तास आबा वाजवणार होते. संध्याकाळी पाचला तालीम केली, वाद्य वाजलं लोण्यासारखं. रात्री साडेबाराला, पंधरा मिनिटं झाल्यावर, आबांनी तोंड बाजूला केलं तरी सनई चालूच. बारीक, चिवट, दूरवर कुणी वाजवतंय तशी. लोकांना ती करामतच वाटली, पण आबांचा चेहरा पडला. मी आकडे बघितले. फुंक नसताना 9.

बंद करून चालू केलं. अशी बरीच वाद्यं चालू होताना जो दाब असेल त्यालाच शून्य मानतात, म्हणून चालू करताना मुखनळी तोंडात नसावी, हे मी आबांना बजावलेलं होतं. दोन मिनिटं ठीक चाललं, मग उलटं झालं: हळू फुंक लागेचना. शून्यच वर सरकलं होतं. म्हणजे मी अडकलेल्या दाबाला शून्य म्हणून शिक्कामोर्तब केलं आणि तो दाब थोड्या वेळाने सुटला.

मुखनळी काढली तर सेन्सर ताबडतोब शहाणा. बसवली की वेडा. वाद्य उपडं करून झटकलं आणि आतून एक थेंब, चक्क वाटाण्याएवढा, माझ्या चपलेवर पडला.

श्वासातली हवा शरीराइतकी उबदार आणि ओलीचिंब असते. पाच वाजता प्लास्टिकही गरमच होतं, तेव्हा आत फारसं पाणी धरलं नाही. पौषातल्या मध्यरात्री वाद्य गार पडलं की तीच वाफ भिंतीवर जमते. त्यात आपली हवा अशी की दुपारी आत राहिलेली ओल वाळतही नाही. थेंब बारीक नळीत बूच होऊन बसतो. जोराचा दाब त्याला ढकलून पोचतो, हलका पोचत नाही, आणि फुंक थांबल्यावर बुचामागचा थोडा दाब तसाच कोंडून राहतो. तो 9 तिथून आला.

पण या वाद्याला पाणी आणि जादा हवा जायला खालच्या टोकाशी भोक असतं. मग पाणी का साठलं? टॉर्च मारून बघितलं. भोकात मेण.

"आबानू, ह्या कोणी केल्यान?"

"मियाच. खालसून वारो जाय होतो. म्हणान मेण लावलंय."

त्यांची काही चूक नव्हती. सनईचा सूर जुळवायला भोकांच्या कडांना मेण लावतातच, सनईवाल्याच्या पेटीत मेणाची गोळी असतेच. वाद्य गळतंय तर त्याने आणखी काय करावं? पहिल्याच दिवशी, माझ्याकडे येण्याच्याही आधी, त्यांनी ते भोक बंद करून टाकलं होतं. मी तीन वेळा वाद्य हातात घेतलं, मेनूची प्रत्येक ओळ वाचली, आणि खालचं भोक काही बघितलं नाही.

त्या रात्री आबा नुसतं झटकून, सुती दोरा ओढून वाजवून मोकळे झाले. मेण दुसऱ्या दिवशी दुकानात सुईने काढलं. काढल्याबरोबर माझी सगळी सेटिंगं खोटी ठरली, कारण ती बंद नळीवर घेतलेली होती. आता थोडी हवा भोकातून जात होती आणि तोंडात तोच दाब असताना सेन्सरला कमी पोचत होता. अडुसष्टला आकडा 127 च्या जवळही जाईना. उंबरठाही तोंडाच्या मापात अठ्ठावीसवर सरकला, म्हणजे गाल बसण्याच्या जागेला जवळजवळ चिकटला.

इथे भिंतीवरचा कोळसा उपयोगी पडला. आबांच्या तोंडातले आकडे बदलले नव्हते, ते आबांचे होते. कोकमाची पाणसळ पुन्हा टांगली, संवेदनशीलता थोडी वाढवून 127 सत्तरवर आणला, उंबरठा चोवीसवर. वक्र तसाच. अर्ध्या तासात काम झालं. पहिल्या खेपेला मला तीन आठवडे लागले होते.

भोक उघडल्याचा आणखी एक फायदा आबांनीच सांगितला. बंद नळीत हवा जायला वाटच नसल्याने छातीत शिळी हवा तुंबायची, जीव गुदमरायचा. सनईतही हवा थोडीच जाते, पण जाते. आता श्वास परत सनईसारखा फिरतो, गाल पहिल्यासारखे कामाला लागले.

सध्या पाळतो ते एवढंच. वाजवण्याआधी चूळ भरायची, कारण गोड चहा आणि पान थुंकीबरोबर आत गेलं की भोक मेणाशिवायही बुजतं. रात्रीच्या कार्यक्रमात वाद्य दहा मिनिटं आधी शालीखाली गरम ठेवायचं. संपल्यावर मुखनळी काढून दोरा ओढायचा, पेटीत सिलिका जेलची पुडी. केस वाळवायचं यंत्र लावायचं नाही. भाच्याने ते सुचवलं होतं, गरम हवेने सेन्सरचं काय होईल ते मला बघायचं नाही. आणि बिनवायरचे हेडफोन लावून सराव करायचा नाही, त्यात सूर उशिरा ऐकू येतो आणि आबा तो पकडायला उगीच जास्त फुंकतात.

मींड अजून जमलेली नाही. सनईवर बोटाच्या पेराने भोक अर्धवट झाकत सूर ओढतात, या वाद्याची बटणं अर्धवट काही मानत नाहीत. अंगठ्याजवळच्या पट्टीवरून सूर खालीवर करता येतो, पण आबांच्या अंगठ्याला ती सवय नाही आणि माझ्याकडे तिचं माप घ्यायला पाणसळही नाही. शिमग्याच्या पालख्या उरकल्या की बसू, असं ठरलंय. भिंत रंगवायला आलेल्या पोराला कोळशाचे आकडे तेवढे सोडायला सांगितलेत.